शकाचा दुसरा आकडा

शिलालेखाचा ठसा घेताना दगड धुऊन त्यावर ओला कागद चढवायचा आणि ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा. कागद किंचित दमट असतानाच शाईचा बोळा फिरवायचा. घाई झाली की शाई फुटते, उशीर झाला की कागद सुटतो. नीट साधलं तर काळ्यावर पांढरी अक्षरं उठतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसलेली वेलांटीही सापडते.

नवी मुंबईतल्या एका गावठाणात देवळामागे गधेगाळ, म्हणजे दानाचा लेख कोरलेला दगड आहे, असं कळलं म्हणून गेले. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला शाप देणारं गाढवाचं शिल्प. पण ऑइलपेंटचे थर काढायला जत्रेआधी पोरांनी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दगड घासला होता. "बाय, बघ कसा चकचकीत केलाय," तिथले काका कौतुकानं म्हणाले. पोरांवर मी रागावू शकले नाही. राग आला तो दगडाची नोंद करून, ठसा न घेता निघून गेलेल्यांचा. यादीत एक ओळ वाढली, की काम संपलं असं मानणारी माणसं या क्षेत्रात फार आहेत.

अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला. 'शकु संवतु' स्पष्ट. पुढे १, मग एक पुसट आकडा, मग ८. शेवटच्या आकड्याचा टवका उडालेला. दुसऱ्या आकड्याचा वरचा गोलावा दिसतो. खाली शेपटी असेल तर तो एक, नसेल तर शून्य. ब्रश नेमका तिथूनच फिरलाय.

शून्य असेल तर हा ठाण्याच्या शिलाहार घराण्यातल्या मल्लिकार्जुन राजाचा काळ, एक असेल तर सोमेश्वराचा. मध्ये शंभर वर्षं. कान्हेरीच्या शके ७६५च्या लेखात याच घराण्यातला पुल्लशक्ती राष्ट्रकूट अमोघवर्षाचा महासामंत म्हणून येतो, आणि पुढे याच घराण्यातले राजे 'कोंकणचक्रवर्ती' म्हणवून घेतात. मांडलिकांचं राज्य कसं वाढत गेलं, ते बिरुदांवरूनच कळतं. म्हणून राजाचं बिरुद जिथे असेल असं वाटलं, त्या तिसऱ्या ओळीवर माझी सगळी आशा होती. तिथे मला फक्त 'क्र' दिसतो. सोबतचा सहकारी 'चक्रवर्ति' छातीठोक वाचतो, कारण त्याला ते हवंय. 'विक्रम'मध्येही 'क्र' असतोच की!

सोमेश्वराचं नाव मलाही मोह घालतं. यादव महादेवाशी लढताना तो समुद्रात बुडाला आणि ठाण्याचं हे राज्य संपलं. हा लेख त्याचा निघाला, तर अगदी अखेरच्या वर्षांतलं दान हाती लागेल.

घासण्याआधीचे फोटो गावातून मागवले. आले ते सगळे पूजेचे. तिसऱ्या ओळीवर झेंडूचा हार आणि आकड्यांवर शेंदूर. माझ्या वाचनात सध्या 'शक १(०/१)८–' एवढंच लिहिलंय. सहकाऱ्याला ते पटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा ठसा घ्यायला जातोय, मीही जाणार आहे.