टेस्टमध्ये मुलाला नाही, तुम्हाला विचारणार आहेत

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलची तारीख मिळाली किंवा सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट लागली की पालकांचा मला पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम, टेस्टसाठी त्याच्याकडून काय काय करून घेऊ? मग घरात रंग, आकडे, एबीसीडी, फळांची नावं असं सगळं जोरात सुरू होतं आणि लेकरू वैतागून जातं. आयक्यूच्या टेस्टचीसुद्धा अशी घोकंपट्टी करायची नसतेच, पण बहुतेक वेळा त्याच दिवशी अजून एक टेस्ट होते जिच्याबद्दल घरच्यांना आधी फारसं कुणी सांगत नाही, आणि तिच्यात मुलाला जवळजवळ काहीच विचारत नाहीत. सगळं तुम्हाला विचारतात. स्वतः जेवतो का, हात धुतो का, बटण लावतो का, शेजारी एकटा जातो का, दुकानातून काही आणतो का, दिवसभरात काय घडलं ते सांगतो का.

मी नागपुरात स्पेशल एज्युकेटर आहे, डाउन सिंड्रोम, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करते. टेस्ट करणं हे सायकॉलॉजिस्टचं काम, माझं नाही. पण रिपोर्ट घेऊन पालक माझ्याकडे येतात आणि त्या कागदावरून पुढे काय शिकवायचं ते आम्हाला मिळून ठरवायचं असतं. म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात यासाठी सगळ्यात जास्त जी वापरतात ती व्हीएसएमएस, म्हणजे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल. व्हाइनलँड हे अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधलं गाव, तिथल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये एडगर डॉल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३५ साली ही स्केल काढली. त्या काळात मुलाची हुशारी मोजायच्या टेस्ट आल्या होत्या, पण डॉलना दिसत होतं की नुसत्या त्या आकड्यावरून मूल घरात, गल्लीत, चार लोकांत कसं वागतं, स्वतःचं किती करतं हे कळत नाही. म्हणून त्यांनी मुलाला टेबलासमोर बसवण्यापेक्षा त्याला रोज बघणाऱ्या माणसाला विचारायचं ठरवलं. भारतासाठी या स्केलचं रूपांतर केलं डॉ. ए. जे. मालिन यांनी, आणि ते आमच्या नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरचे, याचा मला फार अभिमान आहे. मुलांच्या आयक्यूसाठी जी मिस्क टेस्ट वापरतात तीही त्यांचीच.

भारतीय व्हीएसएमएसमध्ये जन्मापासून १५ वर्षांपर्यंतचे ८९ आयटम, म्हणजे रोजच्या एकेका कामाबद्दलचे प्रश्न, आहेत आणि ते आठ भागांत येतात: स्वतःचं सामान्य काम, खाणंपिणं, कपडे, स्वतःचे निर्णय, कामधंदा, बोलणं, हिंडणंफिरणं आणि लोकांत मिसळणं. मला यातला सगळ्यात आवडतो तो भाताचा आयटम. मूळ अमेरिकन यादीत सहा-सात वर्षांच्या गटात टेबलावरच्या सुरीने ब्रेडला लोणी वगैरे लावणं असं होतं, आता आपल्याकडे कुठलं मूल ते करतं, तर मालिन यांनी तिथे भात नीट कालवणं टाकलं. किती बरोबर आहे बघा, वरण भातावर घेऊन बोटांनी कालवायचं, फार पातळ नाही, फार कोरडं नाही, घास तोंडापर्यंत न सांडता न्यायचा, यात बोटांची ताकद, अंदाज, धीर सगळं येतं. मूळ यादीत तर सांताक्लॉज खरा नसतो हे कळणं असाही एक आयटम होता. म्हणजे रोजचं जगणं मोजायचं तर ते कुठल्या घरातलं आहे हे आधी बघावं लागतं.

आता मुद्द्यावर येते. सायकॉलॉजिस्ट विचारतात की तो शर्टाची बटणं लावतो का, आणि आई म्हणते हो, येतात त्याला. रोज लावतो का असं विचारलं की मग आई जरा थांबते आणि म्हणते, नाही, सकाळी स्कूलव्हॅन येते ना, घाई असते, मीच लावते. या टेस्टला हेच हवं असतं. एकदा करून दाखवलं होतं, मूड असला तर करतो, पाहुण्यांसमोर करतो, हे वेगळं आणि कुणी न सांगता रोज करतो हे वेगळं. व्हाइनलँडची जी नवी आवृत्ती आहे, व्हाइनलँड ३, २०१६ मध्ये आलेली, तिच्यात तर हे स्पष्टच आहे, नेहमी करत असेल तर २, कधीकधी १, कधीच नाही तर ०. जमण्याची शक्यता किती याला गुण नाहीत.

आणि इथे आपल्या घरांचा प्रश्न येतो, ज्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. डॉलच्या पद्धतीत प्रत्येक आयटमला नुसतं हो किंवा नाही असं नसतं, मध्ये अजून खुणा आहेत, त्यातली एक खूण आहे संधीच मिळाली नाही यासाठी. मूल कदाचित करू शकलं असतं पण घरातल्यांनी करू दिलं नाही किंवा तशी वेळच आली नाही. आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत ही खूण किती ठिकाणी बसेल याचा विचार केला की माझा जीव तुटतो. आजी भरवते, कारण स्वतः खाल्लं तर सांडतो आणि पोट भरत नाही असं तिला वाटतं. बाबा बूट घालून देतात. ताई दप्तर भरते. आंघोळ आई घालते, वय ११ असलं तरी. खाली दुकानात पाठवायचं नाही, लोक काय म्हणतील, कुणी चिडवलं तर. हे सगळं प्रेमापोटीच असतं, मी एकाही आजीला दोष देणार नाही, ज्या मुलाला डॉक्टरांनी लहानपणीच काहीतरी सांगून टाकलं त्याला जपावंसं वाटणारच. पण मग १० वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट पाच वर्षांचा येतो आणि सगळे म्हणतात बघा, याला येतच नाही. त्यातलं किती त्याच्या मेंदूमुळे आणि किती आपल्या हातांमुळे हे वेगळं काढायलाच हवं.

आकडा कसा निघतो तेही सांगते, कारण रिपोर्टवर एसक्यू ६७ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि घरी कुणालाच त्याचा अर्थ लागत नाही. आयटमवरून सोशल एज काढतात, म्हणजे रोजच्या कामांत मूल साधारण किती वर्षांच्या मुलासारखं आहे. समजा मूल ८ वर्षांचं आहे, म्हणजे ९६ महिने, आणि सोशल एज आलं ५ वर्षं ४ महिने, म्हणजे ६४ महिने. ६४ भागिले ९६ गुणिले १००, साधारण ६७. हा सोशल कोशंट, म्हणजेच एसक्यू. आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत बुद्धी आणि रोजचं वागणं-जगणं दोन्ही धरतो, नुसता आयक्यू नाही. निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तकातही २०१३ पासून सौम्य, मध्यम, तीव्र हे आयक्यूवर ठरत नाही, रोजच्या कामांत किती मदत लागते त्यावर ठरतं. आपल्याकडे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत व्हीएसएमएसचा स्कोअर ५५ ते ६९ असेल तर दिव्यांगत्व ५० टक्के, ३६ ते ५४ असेल तर ७५ टक्के असं कोष्टक होतं. २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्यात, म्हणून सध्या काय लागू आहे ते सिव्हिलमध्येच विचारा. बऱ्याच योजनांना ४० टक्के ही मर्यादा असते हे तुम्हाला माहीतच आहे.

आणि म्हणूनच काही घरी एक सल्ला फिरतो, की तिथे गेल्यावर काहीच येत नाही असं सांगा, टक्के जास्त मिळतील. मला पैशाची अडचण कळते, थेरपीचा खर्च, येण्याजाण्याचा खर्च, आईची सुटलेली नोकरी, हे सगळं रोज बघते मी. तरीही हे करू नका. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे मूल तिथेच बसलेलं असतं आणि ऐकत असतं, आपली आई सांगतेय की मला काहीच जमत नाही. आणि तोच कागद पुढे शाळेत, थेरपीला, माझ्यासारखीकडे येतो आणि आम्ही चुकीच्या जागेवरून सुरुवात करतो. उलटी गोष्टही होते, काही वडील सगळ्याला हो म्हणतात, आमचा एकदम नॉर्मल आहे हो, फक्त बोलत नाही. यामुळे ज्या मदतीवर मुलाचा हक्क आहे ती हातची जाते.

ऑटिझमच्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. यातल्या बऱ्याच मुलांचा आयक्यू चांगला येतो, पण रोजच्या कामांचा स्कोअर त्याच्या बराच खाली असतो. माझ्याकडे एक मुलगा येतो, त्याला नागपूर मेट्रोची सगळी स्टेशनं क्रमाने पाठ आहेत, सीताबर्डीला लाइन कशी बदलायची तेही तो सांगतो, पण शी झाल्यावर धुवायला आईला हाक मारतो आणि तहान लागली तर मागत नाही. अशा मुलाला सगळे हुशार म्हणतात, आणि हुशार आहेच तो, पण मग मदत थांबते. त्याच्या आईला किती थकवा असेल हे फक्त आयक्यू बघून कधीच कळणार नाही.

शिकवायच्या दृष्टीने मला व्हीएसएमएसपेक्षा बेसिक-एमआर नावाची दुसरी स्केल जास्त उपयोगी पडते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने, जिला आता एनआयईपीआयडी म्हणतात, आपल्या भारतीय मुलांसाठीच ती बनवली. पहिल्या भागात ७ विषय, प्रत्येकात ४० कामं, म्हणजे एकूण २८०, आणि प्रत्येक कामाला मदतीच्या पायऱ्या आहेत: पूर्ण स्वतः, नुसती खूण केली की करतो, तोंडी सांगावं लागतं, हात धरून करून घ्यावं लागतं, पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून. ह्या पायऱ्यांमुळे पालकांना धीर येतो हे मी बघितलंय. कारण व्हीएसएमएसमध्ये मदतीच्या इतक्या बारीक पायऱ्या दिसत नाहीत, पण इथे आंघोळीला गेल्या वर्षी हात धरून करून घ्यावं लागायचं आणि आता नुसतं, आता पाठ, आता पाय, असं सांगितलं की करतो, ही प्रगती कागदावर दिसते.

मग घरी कसं करायचं? एक काम घ्या आणि त्याचे तुकडे करा. हाफपँट घालणं घ्या. पँट सरळ धरणं, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत ओढणं, कमरेपर्यंत ओढणं. बरेचदा शेवटच्या तुकड्यापासून शिकवलेलं बरं पडतं, म्हणजे बाकी सगळं तुम्ही करा आणि गुडघ्यापासून वर त्याने ओढायची. काम पूर्ण त्याच्या हाताने झालं, शाबासकी तिथेच. ते जमलं की त्याच्या आधीचा तुकडा त्याच्याकडे द्या. नाडीची पायजमा-सलवार लगेच नको, आधी इलॅस्टिक. बुटाला लेस नको, वेल्क्रो घ्या, यात काही कमीपणा नाही. संत्री सोलायला द्या, आमच्याकडे सीझनमध्ये काही कमी नसते, बोटांसाठी इतकं चांगलं काम दुसरं नाही आणि शेवटी खायलाही मिळतं. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना पाइप धरायला लावा, भरलं की आवाज द्यायचं काम त्याचं. सकाळी व्हॅनच्या घाईत शिकवू नका, ते कुणालाच जमत नाही, संध्याकाळी कपडे बदलताना बटणं शिकवा, तेव्हा वेळ असतो.

पैशांचं तर हल्ली अवघडच झालंय. सगळीकडे क्यूआर कोड, मुलांना घरात नोट-नाणं दिसतच नाही, मग किमतीला पैसे द्यायचे आणि उरलेले परत घ्यायचे हे शिकणार कुठून. मुद्दाम महिन्यातून काही वेळा कॅश घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि १० ची नोट त्याच्या हातात द्या, दुकानदाराला आधी सांगून ठेवा, आमच्या भागातले दुकानदार खूप प्रेमाने थांबतात असा माझा अनुभव आहे. मोठं झाल्यावर फोनवरून पैसे देणं त्याला शिकवता येईल, पण फसवणुकीची भीती खरी आहे म्हणून ते तुमच्या देखरेखीखालीच.

मुलींच्या आयांना एक सांगते. पाळी यायच्या आधीपासून पॅड लावणं, बदलणं, कागदात गुंडाळून टाकणं याची सवय करा, पॅडवर थोडा लाल रंग लावून दाखवा. हा विषय कुठल्याच तपासणीत कुणी आपणहून काढत नाही आणि मग एक दिवस मुलगी घाबरून जाते आणि शाळा बंद होते. आंघोळ, कपडे, संडास यात मुलगी जितकी स्वतंत्र, तितकी कमी परकी माणसं तिच्या अंगाला हात लावतात. सुरक्षिततेचा याहून मोठा विषय मला दिसत नाही.

रिपोर्ट हातात आला की नुसता शेवटचा आकडा वाचून फाइलमध्ये ठेवू नका. सायकॉलॉजिस्टना विचारा की आठ भागांपैकी कुठे किती आलं, कशात वयाच्या जवळ आहे, कशात फार मागे आहे, आणि संधी न मिळाल्यामुळे राहिलेल्या गोष्टी कोणत्या. त्यातल्या दोन-तीनच घ्या, एकदम दहा नको. मुलाचंच मत विचारा, मला बरीच मुलं स्वतः सांगतात की चहा करायचाय, सायकल चालवायचीय. आणि पुढच्या वेळी टेस्टला जाताना आजीलाही सोबत घेऊन जा. रोज भरवणारी आणि झोपवणारी तीच असेल तर अर्ध्या प्रश्नांची खरी उत्तरं तिच्याकडे आहेत, आणि काय करू द्यायचं हेही तिलाच सायकॉलॉजिस्टच्या तोंडून ऐकू दे.