पासाऊ: तीन नद्या आणि पुराची भिंत

जर्मनीतल्या पासाऊला बहुतेक लोक बोटीतून उतरतात, दोन तास फिरतात आणि परत बोटीत चढून व्हिएन्नाकडे निघून जातात. डॅन्यूबच्या धक्क्याला लागलेल्या त्या लांबलचक पांढऱ्या बोटी मला पहिल्याच सकाळी नकोशा झाल्या. दहा वाजले की गाइडच्या पाटीमागून माणसांचे घोळके गल्ल्यांत शिरतात आणि कॅथेड्रलच्या दारात उभं राहायलाही जागा उरत नाही. संध्याकाळी बोटी हलल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. म्हणून आधी एवढंच सांगते: इथे रात्री राहा. म्युनिकहून साध्या रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत पोचता येतं.

ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकलेलं हे बव्हेरियातलं गाव तीन नद्यांच्या संगमावर वसलंय. पश्चिमेकडून डॅन्यूब येते, दक्षिणेकडून आल्प्सचं पाणी घेऊन इन, आणि उत्तरेच्या जंगलातून छोटी इल्त्स. इनचं पाणी हिमनद्यांच्या गाळामुळे हिरवट-दुधी, इल्त्सचं दलदलीतून आल्यामुळे काळसर. समोरच्या डोंगरावर ओबरहाऊस किल्ला आहे, १२१९ साली इथल्या बिशपांनी बांधायला घेतलेला. तिथून खाली पाहिलं की रंगांचे पट्टे शेजारी-शेजारी वाहताना दिसतात, लवकर मिसळत नाहीत. सरासरी प्रवाह पाहिला तर इथे इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त, पण पुढे नाव डॅन्यूबचंच चालतं. मला हा इनवर अन्याय वाटला.

मी सांगलीची. संगम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हरिपूर येतं, कृष्णा आणि वारणा भेटतात ते. त्यामुळे पासाऊत मी कॅथेड्रलपेक्षा जास्त वेळ जुन्या टाउन हॉलच्या एका भिंतीसमोर काढला.

ही भिंत नदीपासून काही पावलांवर आहे. तिच्यावर जमिनीपासून वरपर्यंत रेघा आणि शेजारी सालं लिहिलेली आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे एक पूर. खालच्या रेघा माझ्या कमरेला, छातीला. मग मान वर करावी लागते. २००२. त्याच्या वर १९५४. त्याच्याही वर २०१३, आणि सगळ्यांत उंच १५०१. एरवी पाच मीटरच्या आसपास असणारं डॅन्यूबचं पाणी २०१३ च्या ३ जूनला १२.८९ मीटरवर गेलं होतं. पाचशे वर्षांत एवढं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. आधीच भिजून तट्ट झालेल्या जमिनीवर दिवसेंदिवस पाऊस पडत राहिला आणि डॅन्यूब आणि इन दोन्ही एकदमच फुगल्या.

पर्यटक तिथे हात वर करून फोटो काढत होते. मला काढवेना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरात पहिला मजला अर्धा बुडाला होता. धोक्याची पातळी ४५ फूट, हे सांगलीतलं शाळकरी पोरही सांगतं. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती, हे आकडे आम्ही पावसाळाभर जपासारखे म्हणतो. पण त्या पाण्याची खूण गावात ठळकपणे कुठे आहे? कुणाच्या जिन्यात पेन्सिलची रेघ, कुणाच्या दुकानात रंगाचा पोपडा. घर रंगवलं की तीही जाते. २००५ ची रेघ आमच्या शेजाऱ्यांनी अशीच पुसली होती, आणि १४ वर्षांनी त्याच खोलीत त्यांनी धान्याची पोती ठेवली.

चौकाच्या कडेला एका छोट्या दुकानात काचेच्या वस्तू विकणाऱ्या आजी होत्या. मी इतका वेळ भिंतीपाशी का उभी आहे, हे त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं. फोनमधले आमच्या घराचे फोटो दाखवले, तर त्या उठल्या आणि मला आत घेऊन गेल्या. मागच्या खोलीत, छताच्या जरा खाली, त्यांनीही स्वतःची रेघ ठेवली आहे. २०१३ ला विद्यापीठातली मुलं फावडी घेऊन रस्त्यावर उतरली आणि दिवसच्या दिवस गावातला चिखल काढत राहिली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मी त्यांना सोलापूर-साताऱ्याकडून आलेल्या भाकरीच्या टेम्पोंबद्दल सांगितलं. पुराचा वास भिंतीतून किती दिवस जात नाही, यावर आमचं पूर्ण एकमत झालं. त्यांनी कॉफी दिली आणि पैसे घेतले नाहीत. सगळ्या प्रवासातला माझा सर्वांत चांगला पाहुणचार हाच.

आपल्याकडे मारुती चौकात अशी एक भिंत हवी, दगडात कोरलेली, कुणाला रंगवता येणार नाही अशी. हे मी गेल्या वर्षभर भेटेल त्याला सांगते आहे.

बाकीचे दिवस झरझर गेले. कॅथेड्रलचा ऑर्गन ऐका, १७ हजारांहून अधिक नळ्या आहेत त्याला. मारियाहिल्फ या टेकडीवरच्या तीर्थाच्या चर्चकडे वर जाणाऱ्या ३२१ पायऱ्या चढा. शाकाहारी असाल आणि अंडं चालत असेल तर चीज घातलेले श्पेत्सलं, म्हणजे अंडं घालून केलेल्या मऊ जाडसर शेवया, मागा, आणि रविवारी दुकानं बंद असतात हे धरून चाला.

एक दिवस डॅन्यूबच्या काठाने सायकलवर योखेनश्टाईनला गेले. पासाऊच्या खाली वीसेक किलोमीटरवर, जर्मनी आणि ऑस्ट्रियाने मिळून १९५६ मध्ये पूर्ण केलेलं जलविद्युत केंद्र आहे. बंधाऱ्यावरून चालत पलीकडच्या देशात जाता येतं. तिथल्या माहितीफलकापुढे मी सवयीने साठवण क्षमता शोधायला लागले. हा वाहत्या पाण्यावर चालणारा बंधारा, पूर अडवून धरणारं धरण नव्हे. शिवाय तो पासाऊच्या खाली आहे, त्यामुळे वरून येणारं पाणी पासाऊकरांना झेलावंच लागतं. आजींच्या दुकानातली रेघ मला तिथे जास्त नीट कळली.