हलू नकोस, दिसतंय!

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी अंगावर अँटेना घालून प्रवास केलेला आहे. बटणांच्या मोबाइलवर एफएम लावायला गेलं की फोन आधी हटून बसायचा: हेडसेट जोडा. स्पीकरवर ऐकायचं असलं तरी जोडाच. इअरफोन खपवायची ही कंपन्यांची युक्ती आहे, असं आमच्या ऑफिसात ठाम मत होतं. कारण खरं तर मोजमापाचं होतं. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिचा पाव भाग पाऊण मीटर. एवढी तार त्या चिमुकल्या फोनमध्ये मावणार कुठे? म्हणून इअरफोनची मीटरभर वायर हाच अँटेना, आणि तो गळ्यात घालून अख्खी लोकल डोंबिवली ते सीएसटी करायची. खरखर सुरू झाली की माणूस वायर बोटाला गुंडाळे, उचलून खिडकीशी धरे, मान तिरकी करे. एकदा आवाज स्वच्छ लागला की त्याच अवघडलेल्या अवस्थेत दोन-तीन स्टेशनं काढे.

त्याआधीच्या पिढीने हे गच्चीवर केलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं, आणि घरातल्या धाकट्या पोराला कायमची नोकरी लागली. माशाच्या काट्यासारखा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी जपानच्या तोहोकू विद्यापीठात १९२६च्या सुमारास जगापुढे आणला. त्याच्यामागचं गणित देखणं आहे, पण आपल्याकडे तो गणिताने नाही, आरोळ्यांनी लावला जायचा. बाबा टीव्हीपुढे, आई खिडकीत, पोर गच्चीवर. "फिरव. अजून. अगं, जास्त झालं. मागे घे. बास! हलू नकोस, दिसतंय!" पोराने हात सोडला की चित्र पुन्हा मुंग्यांचं. पुन्हा धरला की निवेदिकेचा चेहरा परत. आमच्या चाळीत या पोरांना काहीतरी अद्भुत शक्ती असल्याचा समज होता आणि काही पोरांनी त्याचे पैसेही वसूल केले.

ती शक्ती प्रत्येकाकडे असते. माणूस म्हणजे खारट पाण्याची उभी पिशवी, आणि खारट पाण्यातून वीज वाहते. शिवाय आपली उंची मोक्याची आहे. पावणेदोन मीटरच्या आसपासची वाहक वस्तू सत्तर-ऐंशी मेगाहर्ट्झच्या लहरीला साधारण अर्धी पडते, आणि अर्ध्या लांबीची वस्तू हा अँटेनाचा सर्वांत साधा, सर्वांत जुना आकार. रेडिओलहरींपासून शरीराला जपण्यासाठी ज्या आंतरराष्ट्रीय मर्यादा घातलेल्या आहेत, त्या ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत कडक आहेत ते याचमुळे: तिथे आपण लहरी सर्वांत जास्त शोषतो. गच्चीवरचं पोर अँटेना धरून उभं नव्हतं, अँटेनाचा एक भाग होऊन उभं होतं.

मी हॅम आहे. म्हणजे हौशी रेडिओवाली. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, पास झालं की व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो आणि स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलता येतं. लोक विचारतात, मोबाइल असताना कशाला? या प्रश्नावर हॅम मंडळी ताबडतोब भूकंप, पूर आणि त्सुनामी काढतात. ते खरंच आहे. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद हॅम मोहिमेवर अंदमानात होत्या. त्सुनामीने बाकी संपर्क तुटला तेव्हा पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवरून निरोप जात राहिले. त्याआधी भूजच्या भूकंपातही हॅम पोचले होते. याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कुणी चक्रीवादळासाठी टोपीवर अँटेना बसवत नाही. ते आम्ही आम्हाला मजा येते म्हणून करतो, आणि हे सरळ सांगायला आमच्यातले लोक का लाजतात हे मला कळत नाही.

टोपीचं म्हणाल तर ती परंपरा आमच्याही आधीची. १९४९मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या व्हिक्टर होफ्लिक नावाच्या गृहस्थाने रेडिओ-टोपी बाजारात आणली. साहेबी शिकारटोपीचा आकार, कपाळावर जुन्या रेडिओत असायचे तसे दोन काचेचे व्हॉल्व्ह उघडे, शिंगांसारखे वर आलेले, त्यांच्या मधोमध स्टेशन बदलायचं बटण आणि मागे तारेची गोल चकती. ती चकती हाच अँटेना. बॅटरी खिशात, तिथून वायर टोपीत. किंमत ७ डॉलर ९५ सेंट. लाल, पिवळी, गुलाबी अशा रंगांत मिळायची. आता अशा चकतीचा गुण असा की ती एका दिशेने चांगलं ऐकते आणि काटकोनात जवळजवळ बहिरी होते. म्हणजे गाणं ऐकत रस्त्याने चाललेल्या माणसाने कोपऱ्यावर वळण घेतलं की गायक गप्प. पाच वर्षांत खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले आणि टोपीची हौस फिटली. मला विचाराल तर उघडे व्हॉल्व्ह कपाळावर मिरवण्याचं धाडस नंतरच्या एकाही घालायच्या यंत्रात आलं नाही. मनगटावरची घड्याळं त्यापुढे फारच सोज्वळ.

आणि होफ्लिकने जागा बरोबर निवडली होती. अंगावर अँटेना लावायचा तर डोक्यासारखी जागा नाही. कमरेच्या पट्ट्याला हातातला छोटा सेट अडकवून हिंडणारे हॅम रुबाबदार दिसतात, पण तिथे त्यांचा निम्म्याहून जास्त जोर त्यांच्याच पोटात जिरतो. फक्त ऐकायचं असेल तर टोपी उत्तम. पाच वॉट फेकायचे असतील तर मात्र मेंदू आणि डोळ्यांपासून चार बोटं लांब राहिलेलं बरं, म्हणून समजूतदार मंडळी पाठीवरच्या सॅकला उभी काठी बांधतात.

अंग आड येतं याचाही आम्ही उपयोग करून घेतो. लपवलेला प्रक्षेपक शोधायचा खेळ असतो. आम्ही त्याला कोल्ह्याची शिकार म्हणतो. दिशा दाखवणारा अँटेना जवळ नसेल तर सेट छातीशी घट्ट धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू गिरकी घ्यायची. आवाज सर्वांत क्षीण होईल तेव्हा थांबायचं. कोल्हा बरोबर तुमच्या पाठीमागे असतो, कारण मध्ये तुम्ही आहात. पर्वतीच्या पायथ्याशी सकाळी चारपाच प्रौढ माणसं डोळे अर्धे मिटून स्वतःभोवती फिरत असतील तर फिरायला आलेले आजोबा थांबून पाहतात. एकाने मला कुठल्या महाराजांचा पंथ म्हणून विचारलं होतं.

हातातल्या सेटला जो बोटभर जाडीचा रबरी दांडा असतो, त्याला जगभरचे हॅम रबर डक म्हणतात. आत तारेची गुंडाळी असते. तो अर्धाच अँटेना आहे. उरलेला अर्धा म्हणजे सेटचा सांगाडा आणि तो धरणारा हात. म्हणून तोच सेट टेबलावर ठेवला की पलीकडचा म्हणतो, गेलीस कुठे? यावर उपाय शेपटाचा. दांड्याच्या बुडाशी, धातूच्या कड्याला एक हात लांबीची साधी वायर जोडायची आणि खाली लोंबू द्यायची. १४५ मेगाहर्ट्झला एकोणपन्नास-पन्नास सेंटिमीटर पुरतात. इंग्रजीत याला वाघाचं शेपूट म्हणतात. खर्च शून्य, फरक कानाला कळण्याइतका. बाजारात महागडे अँटेना विकत घेत सुटलेल्या नवशिक्यांना मी आधी शेपूट लावायला सांगते. ते नाराज होतात, पण लावतात.

शेपटांचा कळस म्हणजे पाठीवर सेट घेऊन चालता चालता सातासमुद्रापार बोलणारे लोक. तिथे लहरी दहा-वीस-चाळीस मीटरच्या, त्यामुळे पाठीवर उंच काठी आणि मागे जमिनीवरून फरपटत येणारी काही मीटर वायर. युरोप-अमेरिकेत हे बागेतून नाहीतर समुद्रकिनाऱ्यावरून ऐटीत चालतात. आपल्या रस्त्यावर तशी वायर ओढत दहा पावलं चाललं की तिच्यावर एक रिक्षा, एक कुत्रं आणि एक फुकटचा सल्ला पडणार.

माणूस अँटेना होतो तर झाड का नको? अमेरिकी सैन्यातल्या जॉर्ज स्क्वायर या अधिकाऱ्याने १९०४पासून तेच केलं: जिवंत झाडात खिळा ठोकायचा, त्याला तार जोडायची आणि ऐकायचं. हे चालतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर झाडांवरून त्यांनी युरोपातले संदेश पकडले. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना मला हे आठवलं आणि मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हा दोरा सुताऐवजी तांब्याचा असता ना, तर काय सुंदर कॉइल झाली असती." त्या म्हणाल्या, "बोलू नकोस, फेरे मोज. सातच हवेत." कॉइल गुंडाळायला शिकवणाऱ्या माझ्या गुरुजींनीही नेमकं एवढंच सांगितलं होतं.

आमच्या सोसायटीच्या कमिटीने गच्चीवर अँटेनाला परवानगी नाकारली, वीज आकर्षित होते म्हणून. मग मी गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार बदलली. आत तांबं, वरून प्लास्टिक, लांबी पाच मीटरला थोडी जास्त. दहा मीटरच्या बँडमधल्या लहरींना ती साधारण अर्धी. कमिटीचे लोक खालून जातात तेव्हा त्यांना टॉवेल दिसतात. ओल्या चादरींनी तारेचं जुळलेलं गणित जरा बिघडतं, म्हणून धुण्याचे आणि जपानशी बोलायचे दिवस वेगळे ठेवलेत.

हा सगळा छंदच असा जुगाडावर पोसलेला. १९७६मध्ये डग डिमॉ या अमेरिकी हॅमने ट्यूना माशाच्या रिकाम्या डब्यात दोन ट्रान्झिस्टरचा मोर्स प्रक्षेपक बसवायची रीत छापली. ताकद अर्ध्या वॉटहून कमी. आपल्याकडचा झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॉट खायचा, आणि या डब्याचा आवाज रात्री चाळीस मीटरच्या लहरींवर शेकडो मैल जायचा. तेव्हापासून पेपरमिंटच्या डब्या, साबणाच्या डब्या, काही म्हणून सुटलेलं नाही. डब्यातला सेट कपाटातल्या सेटहून चांगला असतो असं मुळीच नाही. पण त्याच्यावरून पलीकडे कुणीतरी उत्तर दिलं की जो आनंद होतो, तो शंभर वॉटवाल्याला मिळत नाही, याबद्दल मी वाद घालायला तयार आहे.

मोजायची टेप, शिंप्याची नव्हे, सुताराची पोलादी, ती आमची आवडती वस्तू. तिचे तुकडे पीव्हीसी पाइपला बसवले की यागीचा सांगाडा तयार होतो, वर दुमडून सॅकमध्ये जातो आणि सोडला की टणकन सरळ. हा घेऊन उभं राहिलं की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐकता येतं. ते चारशे किलोमीटर उंचीवरून जातं आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलत असलं तर दहाएक मिनिटं मिळतात. हात वर करून आकाशात काहीच नसलेल्या ठिकाणाचा पाठलाग करत फिरायचं. पुन्हा तेच, गच्चीवरचं पोर.

याच स्थानकातून ३ फेब्रुवारी २००६ला आमच्या जमातीची सर्वांत वेडी वस्तू सोडली गेली. जुना झालेला रशियन ओर्लान अवकाशपोशाख. टाकायचाच होता, तर आत जुने कपडे कोंबले, हॅम रेडिओ ठेवला, हेल्मेटवर अँटेना बसवला आणि अंतराळवीर व्हॅलेरी तोकारेव्हने त्याला दाराबाहेर ढकललं. हातपाय पसरून तो पृथ्वीभोवती फिरू लागला, इव्हान इव्हानोविच म्हणून. अंगावर घालायचा अँटेना, फक्त आत अंगच नाही! १४५.९९० मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज फारच क्षीण यायचा. मोठे अँटेना असलेल्यांनाच धड लागला. सप्टेंबरात तो वातावरणात शिरून जळाला.

सध्या मी जाकिटाच्या मागे लागले आहे. पाठीवर, अस्तराच्या आत तांब्याची चिकटपट्टी, मध्ये फोमचा थर, म्हणजे अंगापासून अँटेना थोडा लांब राहील. जीवरक्षक जाकिटांत आणीबाणीच्या प्रक्षेपकासाठी असे कापडी अँटेना करून पाहिलेले आहेत, तेव्हा कल्पना काही अगदीच हवेतली नाही. नकाशा काढून आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. मास्तरांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "ताई, ही कळी कुठे येते?" मी म्हटलं, "कळी नाही मास्तर, हा अँटेना आहे." त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "म्हणजे टीव्ही दिसेल?" "नाही, बोलता येईल." "मग फोन?" यावर मी गप्प बसले. त्यांनी पट्टी हातात घेऊन दुमडून पाहिली, सुई जाते का ते पाहिलं आणि पाठीची मापं घेऊ लागले. एकेक मिलिमीटर का महत्त्वाचा, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. इतका मन लावून ऐकणारा माणूस मला आमच्या क्लबातही क्वचित भेटतो.

"शिलाई वेगळी पडेल," ते म्हणाले. "आणि ताई, हे मशिनला लावायचं की हाताने धुवायचं?"