ऐकणाऱ्याचा चेहरा

रंगीत तालमीच्या आदल्या रात्री दिग्दर्शकाचा फोन आला. दुसऱ्या अंकातल्या एका प्रवेशात आईची भूमिका करणाऱ्या ताईंना जवळजवळ वाक्यच नाही, नुसतं ऐकायचं आहे. तिथे कॅमेऱ्याचा आवाज आला तर सगळं मोडेल. "काय करायचं ते कर, पण खटखट नको." अर्ध्या तासाने निर्मात्यांचा फोन. जाहिरातीला आणि नाट्यगृहाबाहेरच्या बोर्डाला फोटो हवेत, तेव्हा "मोठी लेन्स घेऊन या, सगळे चेहरे लख्ख दिसले पाहिजेत." दोघांचंही म्हणणं रास्त होतं, पण दोघांना हवं ते एकाच खुर्चीत बसून मिळणार नव्हतं. म्हणून मी लग्नाची कामं करणाऱ्या एका मैत्रिणीला बरोबर घेतलं. तिच्याकडे ७०-२०० आहे, म्हणजे ७० पासून २०० मिलिमीटरपर्यंत दृश्य जवळ ओढणारी मोठी झूम लेन्स, आणि ती लेन्स तिच्या हातात फार शोभते.

मी नाटकाचे फोटो काढतो. त्यातही बोलणाऱ्या नटापेक्षा ऐकणारा नट मला जास्त खेचून घेतो. बोलणारा बहुतेक वेळा अर्ध्या शब्दावर, तोंड वेडंवाकडं उघडलेलं असताना पकडला जातो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र समोरच्याचं वाक्य उतरत असतं, आणि ते पोचल्याचा क्षण तिथे दिसतो. हे मला कळलं तेव्हापासून माझ्या बॅगेतलं सामान हळूहळू बदलत गेलं. आज तिच्यात दोन कॅमेरे असतात. एकावर ३५ मिलिमीटरची, दुसऱ्यावर ८५ ची, दोन्ही एफ १.८ च्या लेन्स; एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त. झूम नाही.

याचं पहिलं कारण उजेड. घरगुती नाटकातली संध्याकाळ रंगमंचावर जेवढी दिसते त्याहून कॅमेऱ्याला फार काळोखी असते. एफ २ वर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, ३२०० ला ठेवून जो फोटो मिळतो, तोच एफ २.८ च्या झूमवर ६४०० ला काढावा लागतो. कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर नवा असेल तर ६४०० म्हणजे काही संकट नव्हे, हे खरं. पण सावलीत बसलेल्या माणसाचा चेहरा नंतर थोडा उजळायला घेतला की वाढवलेल्या आयएसओचे दाणे कपाळावर आणि गालावर आधी येतात, आणि माझं सगळं काम त्या चेहऱ्यावरच असतं. दुसरं कारण वजन आणि आकार. ७०-२०० एफ २.८ एक ते दीड किलोची. चौथ्या रांगेतून ती रोखली की नटाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. ८५ अर्ध्या किलोच्या आतली आणि काळी, ती अंधारात विरून जाते.

आणि तिसरं कारण आवाज. आरशाच्या कॅमेऱ्यात दर फोटोला आरसा वर उचलला जातो, शटर पडतं, आरसा परत खाली येतो. सिनेमाच्या सेटवर स्थिरचित्रण करणारे लोक त्यासाठी कॅमेऱ्यावर ब्लिम्प नावाची, आवाज दाबणारी अख्खी पेटी चढवत. लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे तो मुळात शांत. फ्रेंच छायाचित्रकार कार्टिए-ब्रेसाँने मुख्यतः ५० ची लेन्स आणि लायका जवळ केला, त्याच्या चकाकणाऱ्या धातूवर काळी टेप लावली. लोकांच्या मध्ये उभं राहून त्यांच्या लक्षात येऊ नये ही त्याच्या कामाची गरज होती, आणि कॅमेरा त्या गरजेतून आला होता. माझीही गरज तीच आहे, फक्त माझी माणसं रंगमंचावर असतात. म्हणून मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा, आला तेव्हा मला त्याच्या मेगापिक्सेलचं काही वाटलं नाही. त्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये काही हलत नाही, ते पूर्ण मुकं आहे, एवढं मला पुरेसं होतं. फोकसला मदत करणारा तांबडा दिवा बंद, मागचा स्क्रीन बंद, अंगात काळा शर्ट, आणि चौथ्या-पाचव्या रांगेत कडेची खुर्ची. पहिल्या रांगेतून नटाच्या नाकपुड्या दिसतात आणि बसलेल्या माणसाचे पाय रंगमंचाच्या कडेने कापले जातात. चौथ्या रांगेतून नजर सरळ डोळ्यांना भिडते.

मैत्रीण बाल्कनीत गेली. "दादा, मी वरून मेकॅनिकल शटरच वापरते, तिथून आवाज खाली पोचत नाही," ती म्हणाली. खरंच पोचत नव्हता, आम्ही दुपारी करून पाहिलं.

पहिला अंक सुरळीत गेला. प्रकाश बहुतेक जुन्या हॅलोजनचा होता, पार आणि फ्रेनेल या जातींच्या रंगमंचीय दिव्यांचा. हा उजेड मला फार प्रिय आहे. तार तापून लाल-पिवळी झालेली असते, वीज खालीवर झाली तरी ती लगेच थंड होत नाही, म्हणून उजेड जवळपास अखंड असतो. रंगही साधारण ३२०० केल्विनचा, त्वचेला उबदार ठेवणारा. शटर १/१६० सेकंदावर ठेवून निश्चिंत फोटो काढावेत.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला तो निळ्या संध्याकाळीत. प्रकाशयोजनेत एलईडी पार नव्याने आले होते, भाड्याचे, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण लागत होते. डोळ्यांना दृश्य सुंदर दिसत होतं. खिडकीतून येणारा मंद निळा उजेड, मध्ये पाटावर बसून ताटात तांदूळ निवडणाऱ्या ताई, आणि डावीकडे उभा राहून खरेदीखत वाचणारा मुलगा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर ताईंच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आडवे पट्टे. काळा, निळा, काळा, निळा.

हे का होतं ते सांगतो, कारण कॅमेरा विकत घेताना दुकानात कुणी सांगत नाही. एलईडी मंद करायचा तर बहुतेक दिवे तो खरोखर मंद करत नाहीत, सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतात. बंद राहण्याचा वेळ वाढवला की डोळ्याला उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. इकडे साध्या सेन्सरचं इलेक्ट्रॉनिक शटर सगळं चित्र एकदम घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातं. एक ओळ वाचताना दिवा चालू, पुढच्या काही ओळींना बंद, पुन्हा चालू. तेच पट्टे. मेकॅनिकल शटर खूपच झरझर उतरतं म्हणून त्यात पट्टे फार कमी पडतात, पण ते वाजतं. म्हणजे मला मुकं ठेवणारी गोष्टच चित्र फाडत होती, आणि प्रवेश तर हाच होता, ज्याच्यासाठी मला बोलावलं होतं.

प्रकाशाच्या बूथकडे जाऊन बोलण्याची सोय नव्हती. चांगल्या दिव्यांना मेन्यूमधून ही चालू-बंदची गती वाढवता येते. या दिव्यांना ती सोय नसल्याचं नंतर कळलंच. मेकॅनिकल शटर वाजवायचं नाही, हा शब्द दिलेला होता. एकच वाट उरली, शटर हळू करायचं. प्रत्येक ओळीला जितका जास्त वेळ मिळेल तितक्या जास्त उघडझापी तिच्या वाट्याला येतात, आणि ओळी-ओळींतला फरक बुजत जातो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेवर थेट झपकणारे दिवे सेकंदाला १०० वेळा झपकतात. तेवढ्यापुरतं १/१००, १/५०, १/२५ हे आकडे सोयीचे. मी चाक फिरवत गेलो. १/१०० ला पट्टे फिके झाले, १/५० ला आणखी, १/२५ ला चेहरा एकसंध झाला. आयएसओ खाली आणला. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकवली. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण हाताची थरथर सांभाळतं, पण समोरचा माणूस हलला तर त्याचा उपयोग नसतो. १/२५ ला नुसती मान वळली तरी चेहरा पुसला जातो.

पण ताई हलत नव्हत्या. त्या ऐकत होत्या. मुलगा हद्दी वाचत होता, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, आणि त्या ताटावर मान घालून बसल्या होत्या. फक्त उजव्या हाताची बोटं चालत होती. दोन बोटं तांदूळ बाजूला सारत, खडा हेरत, अंगठा तो कडेला उडवत. मी ८५ वर त्यांचा चेहरा आणि ताट एवढंच चौकटीत घेतलं आणि थोडे, मोजके फोटो काढले. निळा रंग व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो त्याहून लवकर फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे पुसले जातात, म्हणून हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, एकट्या निळ्या रेषेवर नजर ठेवून चित्र किंचित काळोखं ठेवलं. मुलाने शेवटची हद्द वाचली, कागद घडी केला, आणि त्या क्षणी एक खडा ताटातून उडाला.

चहाच्या वेळी लॅपटॉप उघडला. त्या फोटोत ताईंचा चेहरा स्वच्छ आहे, पापणीवरचा निळा उजेडसुद्धा. बोटं मात्र नाहीत. बोटांच्या जागी धुरकट, पांढरट फिरकी आहे आणि तिच्यातून एक बारीक रेघ ताटाबाहेर गेली आहे. ताई चष्मा लावून वाकल्या आणि लगेच म्हणाल्या, "हा 'उत्तरेस'नंतरचा. मी खडा तिथेच काढते, दर तालमीला." मला हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ती जागा बसवलेली होती, वाक्य संपताना खडा उडायचा, आणि अंगठ्याच्या त्या रेघेवरून त्यांना आपली जागा ओळखू आली. १/१६० ला बोटं गोठली असती, आणि कुठलाही खडा कुठल्याही वेळचा दिसला असता.

मैत्रिणीचा फोटो तितकाच मोलाचा निघाला, आणि तो माझ्याने झाला नसता. बाल्कनीच्या अगदी कोपऱ्यातून, २०० वर, तिने आई आणि मुलगा अशा रेषेत पकडले होते की मधलं बारा-पंधरा फुटांचं अंतर मिटून दोघं एकमेकांना खेटल्यासारखे दिसत होते, आणि नजरा मात्र विरुद्ध दिशांना. लांब पल्ल्याची लेन्स दूरच्या जागेवरून खोली अशी दाबते. मांडवात स्टेजजवळ जाता येत नाही, मध्ये व्हिडिओवाले आणि मामा-काका असतात, तेव्हा लांबून माणसं एकमेकांवर रचायची सवय तिला तिथे लागली. ती चेहऱ्यापेक्षा माणसांमधली जागा बघते. तिची लेन्स तिच्या त्या बघण्याला नेमकी बसते. ती माझ्या खुर्चीत बसली असती तर अडकली असती, आणि मी बाल्कनीत गेलो असतो तर मला काहीच ऐकू आलं नसतं. निर्मात्यांनी जाहिरातीला तिचा फोटो घेतला, आणि तो निर्णय योग्य होता. वर्तमानपत्राच्या कागदावर माझी फिरकी नुसता डाग दिसली असती. दिग्दर्शकाने माझा फोटो नाट्यगृहाच्या दर्शनी भागातल्या फलकासाठी मोठा करून मागितला.

घरी परतताना ती म्हणाली, "दादा, ग्लोबल शटरवाला घेतलात तर हा प्रश्नच मिटला की." सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ए९ थ्री जाहीर केला, पूर्ण फ्रेमच्या सेन्सरवर ग्लोबल शटर असलेला पहिला कॅमेरा. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात, त्यामुळे पट्टे येत नाहीत, आवाज तर नाहीच. त्याआधी निकॉनने २०२१ मध्ये झेड ९ मधून मेकॅनिकल शटर काढूनच टाकलं होतं, इतका त्यांचा सेन्सर झपाट्याने वाचतो. क्रिकेट, धावण्याच्या शर्यती, बातमीच्या धामधुमीत काम करणाऱ्याने असे कॅमेरे जरूर घ्यावेत. माझा हिशेब वेगळा आहे. त्या ग्लोबल शटरच्या सेन्सरचा आयएसओच २५० पासून सुरू होतो, आणि काळोखात सावल्या उजळायला तो माझ्या साध्या सेन्सरइतका मोकळा नाही. माझं घर सावल्यांवर चालतं. शिवाय झपकणारा दिवा झपकतच राहतो. पट्टे गेले तरी कमी वेळाच्या शटरवर एक फोटो उजळ आणि पुढचा काळोखा येऊ शकतो. तेवढ्या पैशात एक १३५ एफ १.८ येईल, मोठ्या नाट्यगृहात चौथ्या रांगेतून ताईंच्या पापणीपर्यंत पोचणारी, आणि वर पैसे उरतील.

तिला हे पटलेलं नाही. तिच्या मते १/२५ वर मला जो फोटो मिळाला तो ताई स्थिर बसल्या म्हणून. तरुण नटांचं नाटक असतं, कुणी उठून चालू लागलं असतं, तर मी काय केलं असतं? हा मुद्दा खरा आहे. तसं नाटक आलं तर मी तो कॅमेरा भाड्याने आणेन, आणि त्याआधी दुपारी प्रकाशवाल्यांबरोबर बसून प्रत्येक एलईडी मंद करून बघेन. हे आता मी दर नाटकाला करतोच. त्यांनाही ते आवडतं, कारण कोणता दिवा व्हिडिओत झपकतो ते त्यांनाही हवं असतं. पुढच्या प्रयोगाला तिने स्वतःसाठी १३५ भाड्याने सांगितली आहे, बाल्कनीतून खाली येऊन बघायचं म्हणून. मी तिला सांगितलं, खुर्ची कडेचीच घे, आणि पहिला अंक कॅमेरा मांडीवर ठेवून नुसता ऐक.