फिशटँकसाठी पावसाचे पाणी : कोणत्या माशांना, किती आणि कसे

पावसाचे पाणी शुद्ध असते, म्हणून ते माशांना चांगले, असे विधान मासे पाळणाऱ्यांच्या गप्पांत वारंवार ऐकू येते. त्यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, पण दुसरा भाग त्यातून आपोआप निघत नाही. गोड्या पाण्यातला मासा ज्या नदीत वाढतो त्या नदीचे पाणीही मूळचे पावसाचेच असते, मात्र वाटेत ते खडकांतून, मातीतून आणि कुजलेल्या पानांतून बरेच काही घेऊन आलेले असते. गच्चीवर धरलेल्या पाण्याला ही वाट मिळालेली नसते, आणि तेवढे काम टाकीच्या मालकाला विचारपूर्वक करावे लागते.

मी हे पाणी वापरतो त्याचे कारण पुण्यातले बोअरचे पाणी आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुबलक उतरते. आमच्या सोसायटीच्या बोअरचे पाणी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजणाऱ्या मीटरवर साडेचारशेच्या आसपास दाखवते, आणि टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेलगत पांढरा थर बसतो. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी त्या मानाने बरेच मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, असते, पण ते क्लोरीनयुक्त असते आणि आमच्याकडे उन्हाळ्यात त्यात बोअरचे पाणी मिसळले जाते. आरओ यंत्राचे पाणी वापरता येते, परंतु घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना त्याहून कितीतरी अधिक पाणी मोरीत सोडते, आणि केवळ छंदासाठी इतके पाणी वाया घालवणे मला पटत नाही. स्वच्छ धरलेल्या पावसाच्या पाण्याचा टीडीएस सहसा दहा-वीसच्या घरात येतो.

हे पाणी सगळ्याच माशांना हवे असते असे नाही. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना जड, म्हणजे जास्त क्षारांचे, पाणी मानवते, आणि आफ्रिकेतल्या मलावी व टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिड माशांना तर ते आवश्यकच असते. अशा टाकीत पावसाचे पाणी ओतण्याचे काहीही प्रयोजन नाही. निऑन आणि कार्डिनल टेट्रा, डिस्कस, रॅम, कोरीडोरस हे दक्षिण अमेरिकेतले मासे मात्र निराळ्या पाण्यातून आले आहेत. कार्डिनल टेट्राचे घर असलेल्या रिओ नेग्रोचे पाणी चहाच्या रंगाचे, अतिशय मृदू आणि आम्लधर्मी असते. बाजारात मिळणारे यांतले बरेच मासे पैदास केंद्रांतले असल्याने जड पाण्यात जगतात, पण जगणे आणि अंडी घालणे यांत अंतर आहे. कोरीडोरसच्या टाकीतले पाणी बदलताना किंचित गार व मृदू पाणी घातले तर ते अनेकदा अंडी घालू लागतात, कारण त्यांच्या दृष्टीने तो पावसाळ्याचा आरंभ असतो. ज्यांनी आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांमधून वर निघालेले चढणीचे मासे पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता मुख्य धोक्याविषयी, कारण बहुतेक अपघात इथेच होतात. पाण्यातल्या कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या मापाला मासे पाळणारे केएच म्हणतात. हा केएच पाण्यात तयार होणारे आम्ल सामावून घेतो आणि पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी), स्थिर ठेवतो. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते, आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. या क्रियेत सतत आम्ल निर्माण होते. अमोनियातल्या दर एक ग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे सात ग्रॅम केएच खर्ची पडतो. जड पाण्यात हा साठा इतका मोठा असतो की त्याकडे कधी लक्षही जात नाही, परंतु पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ शून्य असतो. केवळ त्याच पाण्यावर चालवलेल्या, माशांची दाटी असलेल्या टाकीत पीएच घसरत सहाच्या खाली जातो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो.

यातली अवघड बाब अशी की त्या अवस्थेत मासे ठीक दिसतात. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. मग कोणी तरी पीएच मोजतो, घाबरतो आणि उपाय म्हणून अर्धी टाकी बोअरच्या पाण्याने बदलतो. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचे प्रमाण जवळपास दहापट होते, त्यामुळे साचलेले अमोनियम काही तासांत घातक ठरते. मासे मरतात आणि दोष बोअरच्या पाण्याला दिला जातो. अशी वेळ आलीच तर पाणी थोडे थोडे, दिवसातून एकदोन तांबे या बेताने बदलावे, खाद्य बंद ठेवावे आणि अमोनियाची चाचणी रोज करावी.

हे सगळे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे पावसाचे पाणी एकटे न वापरता मिसळून वापरणे. ४५० टीडीएसच्या बोअरच्या पाण्याचा एक भाग आणि १५ टीडीएसच्या पावसाच्या पाण्याचे दोन भाग घेतले तर मिश्रण १६० च्या आसपास येते, आणि बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट तिन्ही त्यात योग्य बेताने उतरतात. ज्यांच्याकडे जड पाणी नाही, ते खाण्याचा सोडा वापरू शकतात. पन्नास लिटरला सहा ग्रॅम सोड्याने केएच सुमारे चार अंशांनी वाढतो. मात्र सोड्यातून कॅल्शियम मिळत नाही, त्यासाठी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवावा लागतो. देशी बदामाची वाळलेली पाने टाकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की जड पाण्यात जी पाने केवळ रंग देतात तीच मृदू पाण्यात पीएच चांगलाच खाली आणतात.

पाणी धरण्याच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. मृगाचा पाऊस मी घेत नाही, कारण त्यात उन्हाळाभराची धूळ आणि धूर उतरलेला असतो. आर्द्रा लागून काही दिवस सलग पाऊस झाला की धरायला आरंभ करतो, आणि तेव्हाही प्रत्येक सरीचा पहिला पाव तास जाऊ देतो. गच्चीच्या पन्हळीचे पाणी मी घेत नाही. कबुतरांची विष्ठा हे त्याचे एक कारण, आणि वॉटरप्रूफिंगची रसायने व डांबर हे दुसरे. नव्या सिमेंटवरून आलेल्या पाण्यात चुना उतरतो, तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून जस्त. मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी धातू सहज विरघळवते, म्हणून ते तांब्याच्या हंड्यात कधीही साठवू नये. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्यदायी मानतात, पण कोळंबी आणि गोगलगायींना विरघळलेले तांबे अगदी अल्प प्रमाणातही मारक ठरते. खाद्यपदार्थांसाठी वापरलेले निळे प्लॅस्टिकचे पिंप आणि चार कोपऱ्यांना ताणून बांधलेला स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद एवढे साहित्य पुरेसे आहे.

पिंप पहिल्या दिवसापासून घट्ट झाकलेले असले पाहिजे. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. झाकणाखाली मच्छरदाणीचे कापड बांधावे. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी तपासणीला आले तर त्यांना पिंप उघडून दाखवावे. शेजाऱ्यांच्या आरोग्यापेक्षा आपला छंद मोठा नाही. पिंप अंधारात ठेवले तर शेवाळ धरत नाही. वापरण्याआधी पाणी पातळ कापडातून गाळून, एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड त्यात सोडून रात्रभर खेळते ठेवावे आणि टाकीइतके कोमट होऊ द्यावे. पावसाळ्यात एकदम गार पाणी घातले की माशांवर पांढरे ठिपके दिसू लागतात, हा अनेकांचा अनुभव आहे.

किती साठवावे याचा हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, तेव्हा चार चौरस मीटरच्या कागदावर पन्नास मिलिमीटर पावसात दोनशे लिटरचे एक पिंप भरते. शंभर लिटरच्या टाकीचे दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलले आणि त्यात दोनतृतीयांश पावसाचे घेतले, तर आठवड्याला सुमारे साडेतेरा लिटर लागतात. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतच्या पस्तीस आठवड्यांचे ते पावणेपाचशे लिटर होतात, म्हणजे अडीच पिंपे. तीन पिंपे ठेवायला जागा नसेल तर प्रमाण आधीच कमी ठरवावे आणि वर्षभर तेच ठेवावे. मासे मध्यम पाण्यात मजेत राहतात, परंतु डिसेंबरात मृदू आणि मार्चमध्ये एकाएकी जड पाणी मिळाले तर त्यांच्या शरीरातला क्षारांचा तोल बिघडतो. साठा तरीही लवकर संपत आला, तर शेवटचे पिंप निम्मे असतानाच दर आठवड्याला बोअरचा वाटा थोडा थोडा वाढवत न्यावा, आणि टीडीएस मीटरवरचा आकडा एका खेपेला वीस-तीसपेक्षा जास्त सरकू देऊ नये.