पोराचा स्टिकर

या गोष्टीला चार महिने होत आले, म्हणून आता लिहितोय. तेव्हा लिहिलं असतं तर नुसता संताप बाहेर पडला असता.

आमचे चिरंजीव तेव्हा नववीत होते. १९ फेब्रुवारीला शाळेत शिवजयंतीचं भाषण. महिनाभर आरशासमोर प्रॅक्टिस, फेटा भाड्याने आणलेला, सुरुवातीला राजमुद्रा, ते 'प्रतिपच्चंद्रलेखेव' वगैरे एकदम खणखणीत म्हणाला. मग आला प्रतापगड. अफझलखान शामियान्यात येऊन बसला आणि आमचं पोरगं अडकलं. "आणि मग..." म्हणाला आणि थांबला. परत "आणि मग..." तिसऱ्यांदा "आणि मग..." तोवर फेटा सरकून एका भुवईवर आलेला. बाईंनी खालून पुढची ओळ सांगितली, त्याने कसंबसं भाषण संपवलं, टाळ्या पडल्या, आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलेलो, आम्हाला वाटलं झालं, संपलं.

रात्री साडेआठपर्यंत व्हॉट्सअॅपवर त्याचा स्टिकर तयार. तिरका फेटा, उघडं तोंड आणि खाली पिवळ्या अक्षरात 'आणि मग…'

मी फ्लेक्स प्रिंटिंगवाला माणूस आहे, सिंहगड रोडला छोटंसं दुकान आहे, त्यामुळे सांगतो, फोटोतला माणूस असा सुटा कापून काढायला आम्हाला फोटोशॉपमध्ये पेन टूल घेऊन वीस वीस मिनिटं लागायची, केसांपाशी तर जीव जायचा. आता फोटोवर बोट दाबून धरलं की माणूस सुटा. म्हणजे पूर्वी कुणाची टिंगल करायला निदान थोडे कष्ट तरी पडायचे. आणि मूळ व्हिडिओ कुणी काढला, तर एका पालकानेच, पालकांच्या ग्रुपवर टाकलेला, तोही कौतुकाने.

आम्हाला यातलं काही माहीतच नव्हतं. चार दिवस त्याचं पोट दुखत होतं. ओवा झाला, काळं मीठ झालं, डॉक्टरही झाले. पाचव्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सहलीच्या पैशाचं काय ठरलं, आणि एका आईने उत्तरादाखल तो स्टिकर टाकला. तिला बिचारीला ठाऊकही नसणार हे कुणाचं पोर आहे, तिच्या मुलाच्या फोनवरून फिरत आला असेल. बायकोने फोन माझ्यापुढे धरला. खोटं कशाला बोलू, पहिल्या सेकंदाला मला हसू आलं. स्टिकर चांगला जमलेला होता. दुसऱ्या सेकंदाला पोटात खड्डा पडला.

मग मी बाप म्हणून जे जे चुकीचं करता येईल ते सगळं केलं. त्याचा फोन काढून घेतला (ज्याला मारलं त्यालाच शिक्षा, हे कळायला मला दोन दिवस लागले). कुणी केलाय त्याचं नाव सांग म्हणून मागे लागलो. उद्या शाळेत येतो म्हणालो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे म्हणालो, "एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं, आमच्या वेळी तर..." आमच्या वेळचं मी त्याला काय सांगणार होतो? मला चौथीत ज्या नावाने चिडवायचे ते शाळेच्या फाटकाबाहेर यायचं नाही. घरी आलो की मी फक्त आईचा पोरगा असायचो. याच्या उशाखाली मात्र तो स्टिकर रात्री दोन वाजताही वाजत होता.

तो एवढंच म्हणाला, "पप्पा तुम्ही काही करू नका ना प्लीज. तुम्ही केलं की अजून वाढतं."

बायको काही बोलली नाही. ती रोज रात्री त्याच्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसायची, आमच्या घरात एवढे कपडे आहेत हे मला तेव्हा समजलं. तिसऱ्या रात्री तो आपणहून बोलला. स्टिकर केला त्याच्याच जिगरी दोस्ताने, पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्याने. भाषण विसरल्याचं त्याला फार काही नव्हतं. दोस्ताने केला, आणि मग सगळे हसताना तो दोस्तही हसला, हे आमच्या पोराला जाळत होतं. आणि मी पाच दिवस भाषणाबद्दलच समजूत काढत होतो.

मध्यंतरी शाळेत समुपदेशक मॅडमचं व्याख्यान झालं, त्यात 'इमोशनल रेझिलियन्स' हा शब्द निदान तीस वेळा आला. मॅडम चांगल्या होत्या, मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, म्हणजे टेली मानसचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर सगळ्यांना लिहून घ्यायला लावले, ते आमच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबरशेजारी चिकटवलेत. पण त्या रेझिलियन्सला मराठीत काय म्हणायचं हे माझ्या डोक्यात घोळत राहिलं. आमच्याकडे गावाला म्हणतात पोरगं निबर झालं पाहिजे. मलाही तेच हवं होतं. पण निबर भेंडी मंडईत कोण घेतं? ती बोटाने मोडत नाही, शिजतही नाही. मला निबर पोरगं नको होतं, पडल्यावर सावरणारं हवं होतं, आणि सावरायला माणसाला वेळ लागतो, तो वेळ मीच त्याला देत नव्हतो, मला रविवारपर्यंत प्रकरण मिटवून हवं होतं.

तर फोन परत दिला. आणि फोन हातात घेताना त्याने मला विचारलं, "पप्पा, तुम्ही पण मामाचा स्टिकर केलाय ना?"

केलाय. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात माझा मेव्हणा खुर्चीतच तोंड उघडं टाकून झोपला होता, मी फोटो काढला, कापला, खाली लिहिलं 'वऱ्हाड निघालं'. फॅमिली ग्रुपवर आजही कुणी उशीर केला की तोच पडतो. मला त्याचा अभिमान होता हो, उगीच कशाला लपवू. पोरगं म्हणालं, "मामा तेव्हा हसला. मी पण हसलो."

दोन दिवस मी टाळलं, मग दुकानातून मेव्हण्याला फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो आणि मध्येच विचारलं, त्या स्टिकरचं तुला काही वाटलं होतं का रे. पलीकडे जरा वेळ शांत. मग म्हणाला, "सोडा की दाजी, जुनं झालं आता." म्हणजे वाटलं होतं. लग्नाच्या आदल्या रात्री तो मांडवातच जागा होता, आचाऱ्याबरोबर, आमच्याच घरचं कार्य म्हणून. हे मला तीन वर्षांनी कळतंय.

मी माझ्या फोनमधून तो काढून टाकला, पण त्याला काही अर्थ नाही. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, आणि ज्यांनी ज्यांनी फेव्हरिटमध्ये टाकलाय त्यांच्याकडे तो राहणारच. ग्रुपवर लिहिलं की हा स्टिकर आता वापरू नका. त्यावर एका काकांनी तोच स्टिकर टाकला.

मे महिन्यात आत्याकडे गेलो होतो, कडेगाव तालुक्यात. तिथलं मोहित्यांचे वडगाव सगळ्यांनी ऐकलं असेल, २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. आत्याने त्याचं इतकं कौतुक केलं की मी घरी येऊन आमचा भोंगा ठरवला, कुकरची तिसरी शिट्टी. शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन फ्रिजवर. पहिल्या दिवशी नियम मोडला मी. आमदारांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, प्रूफ ओके करायचं होतं, काय करणार. दुसऱ्या दिवशी बायकोने, तिसऱ्या दिवशी परत मी. पोरगं फक्त बघत होतं आणि मला त्याची नजर कळत होती. भोंगा पोरांसाठी वाजतो हा आपला गैरसमज आहे, त्या गावात मालिका पण बंद होते म्हणून तो चालतो.

फोनवर बंदीच घाला म्हणणारेही भेटले. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टा, स्नॅपचॅट वगैरेवर अकाउंट ठेवता येत नाही. पण व्हॉट्सअॅप त्यात धरलेलं नाही, म्हणजे आमचा स्टिकर तिथेही फिरलाच असता. आणि 'अभ्यासासाठी' फोन हवा, हेही जरा जपून घ्यावं. 'असर' नावाच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांचं दिलंय, फोन वापरता येणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात सोशल मीडिया वापरला आणि अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. आमच्याकडे तर कधीकधी यूट्यूबवर गणित चालू असतं आणि हसण्याचा आवाज येतो.

आता दहावी. स्टिकर अधूनमधून दिसतो. मध्ये एकदा क्लासच्या ग्रुपवर सरांनी विचारलं, टेस्टचा अभ्यास झाला का, तर याने स्वतःच तो टाकला. हे बायकोने सांगितलं, त्याने नाही. मी लगेच खूश झालो, ती म्हणाली एवढं खूश होऊ नका, त्या रात्री तो उशिरापर्यंत जागा होता.

त्या दोस्ताचं मात्र अजून काही ठरलेलं नाही. परवा क्लासवरून दोघं एकत्र येताना मी गॅलरीतून पाहिलं. दोघांच्या मध्ये एक सायकल मावेल एवढं अंतर. तो सोसायटीच्या गेटपर्यंत आला, दोन मिनिटं थांबला, वर नाही आला. याआधी वर आल्याशिवाय, दोन पोळ्या खाल्ल्याशिवाय कधी गेला नव्हता.

पोरगं वर आलं, चप्पल काढली, पाणी प्यायलं. माझ्या अगदी ओठापर्यंत आलं होतं विचारायचं. मी टॉवेल घेतला आणि घड्या घालायला बसलो.