महादेव इकडे, नंदी तिकडे

सीमेवरच्या गावाला गेले की सीमा नेमकी कुठे आहे हे शोधत बसण्याची मला जुनी खोड आहे. शनिवार-रविवार साधून आम्ही कुरुंदवाडला गेलो, तेव्हाही बरोबरच्या मंडळींचा जीव वाडीच्या बासुंदीत अडकलेला होता आणि माझा पाट्यांत. बाजारात वांगी विकणाऱ्या मावशींनी एका गिऱ्हाइकाला कानडीत भाव सांगितला, तागडी हातात असतानाच माझ्याकडे मराठीत सुटे पैसे मागितले, आणि शेजारणीशी त्या ज्या बोलीत भांडल्या ती या दोहोंपैकी कोणती, हे मला काही ठरवता आले नाही.

पंचगंगेचा पूल ओलांडला की नरसोबाची वाडी. लहानपणी आजी मला इथे आणत असे आणि घाट उतरताना माझे मनगट इतके घट्ट धरी की तिच्या बांगड्यांचे वळ संध्याकाळपर्यंत दिसत. येथे गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. पावसाळ्यात कृष्णा चढत चढत आत शिरते, त्या पादुकांवरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून लोक अपरात्रीसुद्धा धावत येतात. नदी देवळात शिरली याचा सोहळा करणारे गाव निदान माझ्या पाहण्यात दुसरे नाही. आजी मात्र त्या दिवसांत मला कधीच आणत नसे. तिची देवावर श्रद्धा होती, नदीवर नव्हती.

दुपारी खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ पाहिले. स्वर्गमंडपाचे 48 खांब, छताच्या मधोमध सोडलेले गोल मोकळे आकाश आणि त्याच्या बरोबर खाली तशीच गोल शिळा. तिच्यावर अनवाणी उभे राहून वर पाहायचे असे सगळेच सांगतात, पण दुपारी दोन वाजता तिथे पाऊल टेकवून दाखवावे. या महादेवासमोर नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला सती त्याच्यावर बसून गेली, म्हणून तो नदीपल्याड यडूरला आहे, असे सांगतात. यडूर कर्नाटकात. म्हणजे 1956 च्या राज्य पुनर्रचनेत महादेव मुंबई राज्यात राहिले आणि नंदी म्हैसूर राज्यात गेला, आणि या विभक्त कुटुंबाची तक्रार अद्याप कोणी कोर्टात नेलेली नाही. माझी सीमा अखेर सापडली म्हणून मी खूश झालो, पण काठावर उभे राहिल्यावर समोर दिसला तो ऊस, आणि अलीकडेही ऊसच.

परतताना एसटी उशिरा होती, म्हणून चहाच्या टपरीवर टेकलो. टपरीवाल्याने, न विचारताच, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आले होते ते हात उंच करून दाखवले. त्याचा हात पत्र्याला लागला. मग बाकावरचे सगळेच बोलू लागले आणि बोलणे कृष्णेवरच्याच, खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणावर गेले. धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524 च्या वर नेण्याचा कर्नाटकचा बेत या बाकावर प्रत्येकाला दशांश चिन्हासकट पाठ होता. फुगवटा इथवर येतो की नाही यावर मात्र दोघांचे जुंपले. सकाळपासून ज्यांच्या तोंडी एकदाही ‘तिकडचे लोक’ आले नव्हते, ते आता ‘त्यांचे धरण’ आणि ‘आमचे पाणी’ असे बोलत होते. तेवढ्यात एसटी आली, आणि वाद अर्ध्यावर टाकून आम्ही जागा पकडायला धावलो.